बेड्या पडल्यानंतर



गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एका मातेने मला देवळाच्या ओट्यावर गाठले. "फादर," ती म्हणाली, "आमची पोरं रात्री जेवणं झाली की मोबाईल घेऊन खून-दरोड्यांचे चित्रपट बघत बसतात. जपमाळेला हाक मारली तर म्हणतात, आई, थांब गं, शेवट चुकेल. हे चित्रपट पाहणं पाप आहे का? बंद करायला सांगू का?" जपमाळेच्या वेळी मोबाईल मिटून ठेवावा, एवढे मी तात्काळ सांगून टाकले. परंतु तिच्या उरलेल्या प्रश्नाचे उत्तर ओट्यावर उभ्या उभ्या देण्याजोगे नव्हते. "शेवट चुकेल" हे मुलांचे शब्दही माझ्या मनातून जाईनात. गुन्ह्याच्या कथेचा शेवट नेमका कोठे होतो? आजचे हे पान त्या प्रश्नासाठी आहे.

प्रथम पवित्र सभेची शिकवण पाहू. चित्रपट हे सैतानाचे यंत्र आहे असे तिने कधी म्हटलेले नाही. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली चित्रपटांविषयी एक स्वतंत्र परिपत्रक काढले आणि त्याच्या हानीबरोबर त्याचे सामर्थ्यही मान्य केले. १९५७ साली पोप बारावे पायस यांनी चित्रपट, रेडिओ आणि टेलिव्हिजन या तिन्हींचा एकत्र विचार मांडला. पुढे डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने असा निर्वाळा दिला की, दुष्कर्माचे चित्रणही मनुष्याचे अंतरंग अधिक खोलवर समजावून देऊ शकते. मात्र ते संयमाने झाले पाहिजे. आपल्या पवित्र शास्त्रातही पहिल्या काही पानांतच एक खून आहे. काईन आपल्या सख्ख्या भावाला शेतात नेऊन ठार करतो. पण शास्त्र तेथे थांबत नाही. देव काईनला जाब विचारतो, शिक्षा देतो, आणि त्यानंतर कोणी त्याचा जीव घेऊ नये म्हणून त्याच्यावर खूणही करतो. खुनाचे वर्णन आपण सारे लक्षात ठेवतो. ती खूण मात्र विसरतो.

आता चित्रपटांकडे वळू. गुन्हेपटांचा एक मोठा कारखाना दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात चालू होता. युद्ध जिंकले, पण देश कर्जबाजारी झाला होता. अन्नाचे रेशनिंग १९५४ पर्यंत चालले. अशा दिवसांत लोक चित्रपटगृहात जात, तेव्हा एका तिकिटात त्यांना पुष्कळदा दोन चित्रपट मिळत. एक मुख्य आणि मोठा, दुसरा जोडीला दिलेला, छोटा आणि स्वस्त. हा जोडीचा चित्रपट बहुधा गुन्ह्याचा असे. थोड्या आठवड्यांत, थोड्या पैशांत, दोन-चार खोल्यांच्या देखाव्यांत तो उरकलेला असे. लंडनच्या दक्षिण भागातील मर्टन पार्क या लहानशा स्टुडिओतून १९५३ पासून स्कॉटलंड यार्डच्या तपासकथांची मालिका निघाली, आणि १९६० नंतर एडगर वॉलेस या लेखकाच्या कथांवरचे चित्रपट एकामागून एक बाहेर पडले. त्यांत भपका नव्हता. बंदुकीपेक्षा संशय अधिक, रक्तापेक्षा घाम अधिक. कथेच्या अखेरीस पोलिसांची गाडी यावी, अपराध्याच्या हातांत बेड्या पडाव्यात आणि दिवे लागावेत, अशी त्यांची ठरलेली रीत होती.

त्यांतील एक चित्रपट मला विशेष मोलाचा वाटतो. त्याचे नाव 'कॅश ऑन डिमांड'. हॅमर नावाच्या कंपनीने तो १९६१ साली तयार केला. ही कंपनी भुताखेतांच्या चित्रपटांसाठीच अधिक गाजली. दिग्दर्शक क्वेन्टिन लॉरेन्स. जवळजवळ सगळी कथा एका बँकेच्या इमारतीत घडते. नाताळ तोंडावर आलेला आहे. फोर्डाइस नावाचा बँकेचा मॅनेजर अत्यंत काटेकोर, शिस्तीचा आणि कोरडा मनुष्य आहे. ही भूमिका पीटर कुशिंग या नटाने केली आहे. टेबलावरची वस्तू जागची हललेली त्याला खपत नाही, हाताखालच्या माणसांच्या नाताळच्या आनंदात त्याला भाग घ्यायचा नाही, आणि पीअर्सन नावाच्या जुन्या कारकुनाच्या एका क्षुल्लक चुकीवरून त्याला नोकरीतून घालवण्याची धमकी तो त्याच सकाळी देऊन बसला आहे.

इतक्यात एक रुबाबदार गृहस्थ येतो. विमा कंपनीचा तपासनीस म्हणून तो स्वतःची ओळख करून देतो. प्रत्यक्षात तो दरोडेखोर आहे. आवाज न चढवता, सिगारेट ओढत, तो फोर्डाइसला सांगतो की तुझी पत्नी आणि मुलगा माझ्या माणसांच्या ताब्यात आहेत. मुकाट्याने तिजोरी उघड. नव्वद हजारांहून अधिक पौंड पेट्यांत भरून द्यायला मॅनेजर स्वतः हातभार लावतो. ज्याने दुसऱ्याची एक लहानशी चूक पोटात घातली नाही, तोच आता घामाघूम होऊन चोराचा हमाल झालेला असतो. आणि अखेरीस, आपल्या घरच्या माणसांचे प्राण वाचावेत म्हणून, ज्या पीअर्सनला त्याने सकाळी झिडकारले त्याच्याच पुढे त्याला हात जोडावे लागतात. पीअर्सन सूड घेत नाही. तो त्याला सांभाळून घेतो. दरोडेखोर पकडला जातो, आणि पत्नीला व मुलाला कोणी धरून ठेवलेच नव्हते, असे उघड होते. परंतु फोर्डाइस आता पहिला फोर्डाइस राहिलेला नसतो.

थोड्या पैशांत केलेला हा चित्रपट काय शिकवतो, ते पाहा. तिजोरी एकच फुटत नाही, दोन फुटतात. एक लोखंडाची आणि एक फोर्डाइसच्या छातीतील. त्या मातेला मी एवढे निश्चित सांगेन की असा गुन्हेपट मुलांसोबत बसून खुशाल पाहावा. मात्र तो पाहून झाल्यावर मुलांना एक प्रश्न विचारावा: त्या दरोडेखोराचे पुढे काय झाले? कोणालाच ठाऊक नसते. पोलीस त्याला घेऊन गेले, आपण सुटकेचा श्वास सोडला आणि त्याला विसरलो. मॅनेजरचे मन पालटले याचा आपणास आनंद; चोराचे मन पालटेल काय, याची आपणास चौकशीही नाही. गुन्हेपटांची हीच उणीव आहे. बेड्या पडल्या की कथा संपते. ख्रिस्ती माणसाची कथा मात्र पुष्कळदा तेथूनच सुरू होते. हे मी केवळ प्रवचनासाठी म्हणत नाही. अशी एक कथा आपल्या देशात, मराठी माणसाच्या ओळखीच्या मुलखात, प्रत्यक्ष घडली आहे.

धार आणि देवास ही नावे आपणास परकी नाहीत. माळव्यात स्थिरावलेल्या पवार घराण्याची ही संस्थाने. देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात नांदल्या, आणि कित्येक पिढ्या तेथील दरबारांत व वाड्यांत मराठी बोलली गेली. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांच्या पदरी चिटणीस म्हणून राहिला होता. त्याने त्या दिवसांवर पुढे पुस्तकही लिहिले. कुमार गंधर्व १९४८ साली आजारी अवस्थेत देवासला आले आणि कायमचे तेथलेच झाले. त्याच देवासच्या नावाने आज जो जिल्हा आहे, त्याच्या डोंगराळ भागात उदयनगर नावाचे गाव आहे. भोवती आदिवासींची वस्ती.

या उदयनगरला १९९२ साली सिस्टर राणी मारिया ही धर्मभगिनी आली. तिचा जन्म केरळातील पुल्लुवळी या गावी २९ जानेवारी १९५४ रोजी झाला. फ्रान्सिस्कन क्लारिस्ट संघात तिने व्रते घेतली आणि उत्तर भारतात सेवाकार्य पत्करले. उदयनगरच्या परिसरात तिला दिसले ते असे की, गरीब शेतकरी पेरणीच्या वेळी सावकाराकडून पैसा घेतो, सुगीला धान्य त्याच्याच दारात ओततो, आणि तरीही कर्ज आहे तेवढेच राहते. तिने लोकांना बँकेचे दार दाखवले, सरकारी योजनांचे अर्ज भरायला शिकवले, बचतीची सवय लावली, बायकांना एकत्र बसवले. तिने कोणाविरुद्ध काठी उचलली नाही. पण जो माणूस हिशेब वाचू लागतो तो फसेनासा होतो. ज्यांचा धंदाच फसवणुकीवर चालत होता, त्यांच्या डोळ्यांत ती सलू लागली.

२५ फेब्रुवारी १९९५. सकाळची वेळ. सिस्टर राणी मारिया इंदूरच्या दिशेने जाणाऱ्या बसमध्ये बसली. त्याच बसमध्ये समुंदर सिंह नावाचा तरुण होता. वाटेत, जंगलातील घाटात, त्याने बस थांबवायला लावली, खाली उतरून नारळ फोडला आणि परत येऊन सुरा काढला. भर बसमध्ये, इतर उतारूंच्या देखत, त्याने तिच्यावर वार केले. मग तिला बाहेर ओढून पुन्हा वार केले. तिच्या अंगावर पन्नासहून अधिक जखमा मोजल्या गेल्या. मरताना तिच्या ओठांवर येशूचे नाव होते. ती एक्केचाळीस वर्षांची होती. बसमधील कोणीही पुढे झाले नाही. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. त्या बाकांवर आपण असतो तर काय केले असते, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

समुंदर सिंह पकडला गेला. न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली आणि तो इंदूरच्या तुरुंगात गेला. इतरांच्या चिथावणीवरून आपण हे केले, असे त्याने पुढे स्वतः सांगितले. इंग्लंडातील एखाद्या जोडीच्या चित्रपटाला याहून अधिक काय हवे? घाट, बस, सुरा, चिथावणी देणारे हात, आणि अखेरीस बेड्या. दिवे लागले, प्रेक्षकांनी घरी जावे.

परंतु दिवे लागले नाहीत. स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक कॅथोलिक धर्मगुरू त्या तुरुंगात त्याला भेटू लागले. प्रथम सूड आणि संताप यांखेरीज त्याच्या मनात दुसरे काही नव्हते. धर्मगुरू येत राहिले. मग ऑगस्ट २००२ मध्ये, रक्षाबंधनाच्या वेळी, सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात आली. ती राणी मारियाची धाकटी सख्खी बहीण, त्याच संघातील धर्मभगिनी. ज्या हाताने तिच्या बहिणीचा जीव घेतला होता, त्याच हाताला तिने राखी बांधली. राखी म्हणजे काय हे आपल्या देशात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बहीण मारणाऱ्याला तिने भाऊ केले. पुढे आई एलिस्वा हिनेही त्याचे हात आपल्या हातांत घेऊन त्यांचे चुंबन घेतले. त्या हातांना तिच्या लेकीचे रक्त लागलेले होते.

एवढ्यावर हे कुटुंब थांबले नाही. त्याची लवकर सुटका व्हावी, यासाठी त्यांनी स्वतः विनंती केली. अकरा वर्षांनी, २००६ साली, तो सुटला. मग तो केरळात पुल्लुवळीला जाऊन त्या मातापित्यांसमोर उभा राहिला. उदयनगरला सिस्टरच्या समाधीपाशी तो पुनःपुन्हा येत राहिला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया हिला धन्य घोषित करण्यात आले, तेव्हा त्या सोहळ्याला जमलेल्या हजारो लोकांत समुंदर सिंह होता.

या घटनेवर चित्रपटही निघाले. कॅथरिन मॅकगिल्व्हरे या दिग्दर्शिकेने २०१३ साली एक माहितीपट केला. त्याचे नाव, मराठीत सांगायचे तर, 'एका खुन्याचे अंतःकरण'. खुद्द समुंदर सिंहच त्यात आपणासमोर येतो. २०२३ साली शायसन पी. औसेफ यांनी 'द फेस ऑफ द फेसलेस' हा कथापट काढला. त्यात विन्सी अलोशियस या अभिनेत्रीने राणी मारियाची भूमिका केली आहे. ज्यांना चेहरा नाही त्यांचा चेहरा, असा त्या नावाचा अर्थ. दोन्ही नावे शेजारी ठेवून पाहा. एकात मारणाऱ्याचे हृदय आहे, दुसऱ्यात मरणारीचा आणि तिच्या गरीब माणसांचा चेहरा. कोणत्याही गुन्हेपटाला लावण्याची कसोटी या दोन नावांतच आली, असे मला वाटते. जो चित्रपट मेलेल्या माणसाला केवळ एक प्रेत म्हणून दाखवतो, आणि मारणाऱ्याला केवळ एक राक्षस म्हणून, तो मुलांना माणसाकडे न पाहण्याची सवय लावतो. अशा चित्रपटात रक्ताचा एक थेंब नसला तरी तो वाईट. ज्यात या दोघांचेही माणूसपण दिसते, तो पाहण्यास हरकत नाही.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. क्षमा म्हणजे अपराधावर पांघरूण नव्हे. राणी मारियाच्या कुटुंबाने समुंदर सिंह निर्दोष आहे असे कधी म्हटले नाही. खटला चालला, शिक्षा झाली, तुरुंगवास घडला. ज्या सावकारीविरुद्ध ती उभी राहिली ती सावकारी क्षमेमुळे न्याय्य ठरत नाही. घरात नवरा मारझोड करीत असेल तर सोसत राहा आणि क्षमा कर, असा सल्ला कोणी या कथेवरून काढला तर तो खोटा आहे. न्याय हा हवाच. परंतु न्याय माणसाला त्याच्या कृत्याचा हिशेब विचारतो; तो हिशेब चुकता झाल्यावर त्याला घरात कोण घेणार, हे न्यायालय सांगू शकत नाही. ते काम आपले.

आणि हे काम किती अवघड आहे, ते मी स्वतःच्या लाजेवरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात एक मनुष्य शिक्षा भोगून घरी परतला. गुन्हा कोणता, घर कोणते, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. तो रविवारी मिस्साला आला आणि शेवटच्या बाकावर बसला. त्या बाकावरची माणसे एकेक करून पुढे सरकली. शांतीची खूण देण्याची वेळ आली तेव्हा लोकांनी पुढे पाहिले, डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. मागे कोणी पाहिले नाही. वेदीवरून मला ते सारे दिसत होते. त्याच रविवारी मी प्रवचनात धन्य राणी मारियाची कथा सांगितली होती, आणि राखीचा प्रसंग ऐकताना कित्येकांनी डोळे पुसले होते. मिस्सानंतर तो माझ्यासाठी दाराशी थांबला होता. "या हं कधीतरी," एवढे म्हणून मी घाईने निघालो. घाई कसलीही नव्हती. त्याच्यासोबत उभा असलेला मी लोकांना दिसू नये, एवढेच माझ्या मनात होते.

तो पुन्हा आला नाही. उपवासकाळ संपत आला तेव्हा माझ्याने राहवेना, म्हणून मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या म्हाताऱ्या आईने चहा केला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तो म्हणाला, "फादर, आत होतो तेव्हा सुटायचे दिवस मोजत होतो. आता इथं काय मोजू?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी त्याची क्षमा मागितली. धर्मगुरूने क्षमा मागावी याचे त्याला इतके अवघडल्यासारखे झाले की तो उठून अंगणात गेला.

आजही तो शेवटच्याच बाकावर बसतो. परंतु आता त्याच्या शेजारी दोन-तीन माणसे असतात, आणि शांतीची खूण देताना पुढच्या बाकावरील एक म्हातारबाबा मागे वळतात. चित्रपट काढावा असे यात काही नाही. मात्र त्या बाकाकडे पाहिले की मला उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ आठवतो. बापाने धाकट्याला पोटाशी धरले, मेजवानी मांडली. थोरला बाहेर अंगणात उभा राहिला. तो आत गेला की नाही, हे प्रभू येशूने सांगितलेच नाही. त्या कथेचा शेवट त्याने आपल्यावर सोपवून ठेवला आहे.

तेव्हा त्या माउलीला आणि सर्व मातापित्यांना माझे सांगणे असे. मुलांना एकट्याने कोपऱ्यात बसून पाहू देऊ नका. एखादे दिवशी तुम्हीही शेजारी बसा. चित्रपट संपला की त्यांना दोन गोष्टी विचारा. जो मेला त्याचे नाव काय होते, त्याचे घरी कोण होते? आणि जो पकडला गेला तो सुटून आपल्या आळीत राहायला आला, तर आपण काय करू? मुले काय उत्तर देतात ते ऐका. कदाचित तुम्हालाच त्यांच्याकडून काही शिकायला मिळेल. मग मोबाईल मिटून जपमाळ हातात घ्या, आणि एक गूढ अशा माणसासाठी अर्पण करा ज्याच्या शेजारी आज कोणी बसलेले नाही.

मुले म्हणतात तसा शेवट चुकता कामा नये, हे खरेच. फक्त तो बेड्यांपाशी नसतो, हे त्यांना आपण दाखवून दिले पाहिजे.

धन्य राणी मारिया, आम्हांसाठी विनंती कर.

तुमचा,
धर्मग्रामाचा धर्मगुरू